किनाऱ्याची छायाचित्रे किनाऱ्याच्या कामी यावीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोरजी येथे शापोरा नदी समुद्राला मिळते त्या वाळूच्या टोकावर हिवाळ्यात पहाटे कुरव आणि सुरय पक्ष्यांचे मोठे थवे विसावलेले असतात. भरती ओसरू लागली की ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांची धावपळ सुरू होते, आणि नदीवरचे धुके विरेपर्यंतचा तो अर्धा-पाऊण तास कॅमेरा बाळगणाऱ्या कोणालाही सोडवत नाही. मागच्या जानेवारीत अशाच एका सकाळी दोन तरुण तेथे आले. त्यांपैकी एकाने कॅमेरा रोखला आणि दुसरा हात पसरून थेट थव्यात धावत गेला. सगळे पक्षी एकदम उठले, छायाचित्र मिळाले, मग दोघांनी ते पडद्यावर पाहिले आणि मनासारखे उतरले नाही म्हणून थवा पुन्हा बसण्याची वाट पाहत उभे राहिले. हे पक्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेले असतात, परतीच्या प्रवासाची शिदोरी त्यांना याच चिखलातून मिळवायची असते, आणि एकेका विनाकारण उड्डाणात त्यांची ती शिदोरी खर्च होत असते, हे त्या दोघांना कोणी सांगितलेले नसावे. मी सांगितले. त्यांनी ऐकूनही घेतले. पण पंधरा वर्षांपूर्वी, कॅमेरा नवा असताना, नेमके हेच मी स्वतः केले होते, त्यामुळे उपदेश करताना माझाच आवाज थोडा खाली आला, हेही येथे लिहिले पाहिजे.

मी पेडणे तालुक्यातला निवृत्त शिक्षक आहे. आम्ही चार-पाच मित्र महिन्यातून दोन रविवारी कॅमेरे घेऊन बाहेर पडतो. कधी केरीच्या किनाऱ्यावर, कधी हरमलच्या खडकांत ओहोटीच्या वेळी उरणारी डबकी पाहायला, तर कधी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला. चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली जाहीर झाले. त्याचा विस्तार जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गावातल्या एखाद्या मोठ्या वाडीएवढाच. पण खारफुटीच्या त्या एवढ्याशा पट्ट्यात चिखलावर उड्या मारणारी निवटी, एकच नांगी भलीमोठी असलेले इवले खेकडे, तिवराच्या वर आलेल्या श्वासमुळांमधून दबक्या पावलांनी फिरणारे बगळे आणि नशिबात असेल तर धीवर म्हणजे खंड्याच्या कुळातले दोन-तीन प्रकारचे पक्षी एकाच फेरीत दिसतात. तेथे आमची वेळ घड्याळ ठरवत नाही, मांडवीची भरती-ओहोटी ठरवते, आणि चाळीस वर्षे शाळेच्या घंटेवर चालल्यानंतर मला त्याचे फार अप्रूप वाटते.

अशा सहलींना निघणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोबाइलमध्येच उत्तम कॅमेरा आला, गोव्यातली तरुण मुले आपल्याच गावाच्या मानशी (खाडीचे पाणी अडवणारी बांधातली दारे), तळी आणि देवराया पाहायला बाहेर पडू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. मला जे सांगायचे आहे ते निराळे आहे. आपण किनाऱ्यावरून आणि गावातून इतकी छायाचित्रे घेऊन जातो, त्यांतले त्या किनाऱ्याकडे आणि त्या गावाकडे परत काय येते?

आधी कासवांचे घेऊ. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नाव घेऊन नोंदवले आहेत, आणि ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिले बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. मोरजीच्या तेंबवाड्यावर या अंड्यांच्या राखणीचे काम गावकरी आणि वनखाते मिळून १९९० च्या दशकापासून सांभाळत आले आहेत. मादी वर चढत असताना फ्लॅश चमकला किंवा मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तिच्या अंगावर पडला, तर ती अंडी न घालताच माघारी फिरू शकते. पिलांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण ती उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतात, आणि ते क्षितिज समुद्राचे असावे अशी निसर्गाची योजना असली तरी मागच्या उपाहारगृहाचे किंवा आपल्या हातातल्या दिव्याचे असले तर ती उलट्या दिशेला जातात. कासवाचे रात्रीचे छायाचित्र मी आजवर एकही काढलेले नाही, आणि त्याची खंतही नाही. सकाळी वाळूवर उरलेल्या तिच्या पावलांच्या दुहेरी रेषेचे छायाचित्र माझ्याकडे आहे. ते पाहून नातवाने विचारले, 'ट्रॅक्टर गेला काय?' त्यानंतर त्याला सगळी हकिकत सांगण्यात आमची एक संध्याकाळ छान गेली.

पावसाळ्यात गर्दी किनाऱ्यावरून आत वळते. तिबोटी खंड्या नावाचा मुठीएवढा, रंगांनी नुसता भरलेला पक्षी जून ते सप्टेंबरच्या दरम्यान ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवतो. त्याच्या बिळासमोर दहा-दहा कॅमेरे तिवईवर लावून माणसे सकाळपासून बसलेली मी पाहिली आहेत. मध्ये येणारी फांदी कापली जाते, पक्ष्याने ठरावीक जागी बसावे म्हणून काटकी रोवली जाते, आणि चोचीत सरडा किंवा खेकडा धरलेला पक्षी माणसे हलतात म्हणून बिळात न जाता झाडावर ताटकळत राहतो. आत पिले उपाशी असतात. कापलेल्या फांदीमुळे बीळ उघडे पडते, ते वेगळेच. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण 'मी एकटाच तर आहे' असे त्या दहापैकी प्रत्येकाला वाटत असते. ड्रोनविषयी फार लिहीत नाही. दाबोळी आणि मोपा येथील विमानतळांच्या परिसरात त्यांच्यावर निर्बंध आहेतच, आणि नसते तरी घिरट्या घालणारे यंत्र काकण गरुडाच्या घरट्यावर नेऊ नये, हे कळायला कायद्याची गरज पडू नये.

पक्ष्यांपेक्षा माणसांच्या बाबतीत आपण जास्त चुकतो असे माझे मत आहे. रापण ओढताना पाहणे हा आमच्या भागातला आजही भारून टाकणारा अनुभव आहे. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर घ्यायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी पाय वाळूत रोवून एका लयीत ते ओढत आणायचे. यांत्रिक ट्रॉलरांच्या विरोधात याच रापणकारांनी १९७० च्या दशकात लढा दिला, आणि त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आता रापण घालणारे गट कमी होत चालले आहेत. असेच काही वर्षांपूर्वी एकदा मी वाळूवर आडवा पडून, ओढणाऱ्यांचे पाय आणि ताणलेला दोर एका चौकटीत बसवण्याच्या खटपटीत होतो. रांगेतला एक म्हातारा माझ्याकडे न बघताच म्हणाला, 'फोटो मागीर काड, पयलीं दोर ओड.' (फोटो नंतर काढ, आधी दोर ओढ.) सगळे हसले. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि दोराला हात लावला. तळहाताची साल गेली, पण जाळे वर आल्यावर इतर ओढणाऱ्यांबरोबर माझ्याही रुमालात मूठभर तारले पडले. त्या दिवसाचे एकही छायाचित्र माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी मात्र त्यांनीच मला बोलावून घेतले, आणि तेव्हाची छायाचित्रे मी छापून त्यांना नेऊन दिली. त्या म्हाताऱ्याच्या घरात त्याचे दुसरे छायाचित्र मतदार ओळखपत्रावरचे, एवढेच होते.

याउलट, बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईंनी मला सांगितले की आपला चेहरा कुठल्याशा जाहिरातीत मोठा करून लावलेला त्यांच्या भाचीने पाहिला. छायाचित्र कोणी काढले, केव्हा काढले, त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना पैसे नको होते. 'निदान विचारले असते तर केस तरी नीट केले असते,' एवढेच त्या म्हणाल्या, आणि मला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पर्यटन खात्याने सूचना काढली होती की अनोळखी व्यक्तींची, विशेषतः समुद्रस्नान किंवा सूर्यस्नान करणाऱ्यांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. सूचना योग्यच आहे, परंतु तिच्यात डोळ्यांसमोर प्रामुख्याने पर्यटक आहे. टोपली घेऊन बसलेली बाई, मिठागरात खोरे मारणारा माणूस, माशेलच्या चिखलकाल्यात, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवात, न्हालेली पोरे यांनाही हाच मान मिळाला पाहिजे. एरवी, कोणी कोणाचे किती छायाचित्र घ्यावे याचे नियम पंचायतींनी शुल्क लावून करू नयेत असे मला वाटते. पैसे भरले की हक्क मिळाला, अशी समजूत त्यातून होते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या गावाजवळच्या एका खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) बांधाचे छायाचित्र मी गेली अकरा वर्षे दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकाच जागेवरून काढत आलो आहे. सुरुवातीला त्यात काहीच विशेष नव्हते. मानशीचे लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप कसे बंद होते आणि ओहोटीला कसे उघडते, ते टिपण्याची हौस होती. तिसऱ्या वर्षाच्या छायाचित्रात बांधाच्या पायथ्याशी ओल दिसते. पाचव्या वर्षी भगदाड आहे. त्यानंतर कोरगूट या खाजनातल्या भाताच्या जागी खारे पाणी, आणि नवव्या वर्षी त्या पाण्यात गुडघाभर उंचीची खारफुटी उभी आहे. जमीन पूर्वीपासूनच खारफुटीची होती की ती शेतजमीन होती, यावर गावात वाद झाला, तेव्हा ही छायाचित्रे तारखेसह एका शेतकऱ्याला उपयोगी पडली. छंद म्हणून केलेले काम कोणाच्या तरी कामी येते, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. मी पाहिलेल्या एका नोंदवहीत झाडांची, माशांची आणि पक्ष्यांची नावे ओळीने लिहिलेली होती, छायाचित्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही कुठे व केव्हा काढली याचा पत्ता नाही. दुसरीकडे माझ्यासारख्या शेकडो हौशी माणसांच्या संगणकांत आणि मोबाइलमध्ये त्याच गावाची हजारो छायाचित्रे पडून आहेत, ज्यांच्यावर तारीख आपोआप नोंदलेली असते. मर्यादवेलीने धरून ठेवलेली वाळूची टेकडी दहा वर्षांपूर्वी कोठपर्यंत होती, तळ्यावर पाणबदके कोणत्या महिन्यात उतरली, ओढा उन्हाळ्यात कधी आटला, हे सारे त्यांत आहे. पंचायतींनी वर्षातून एक रविवार ठरवून अशी छायाचित्रे तारीख-ठिकाणासह मागवावीत, ग्रामसभेच्या सभागृहात लावावीत आणि निवडक छायाचित्रे नोंदवहीला जोडावीत, अशी माझी सूचना आहे. घरट्यांची आणि विणीच्या जागांची नेमकी ठिकाणे नोंदवहीतही झाकून ठेवता येतील. गावातली म्हातारी माणसे ती पाहायला आली तर निम्म्या झाडांची आणि माशांची कोकणी नावे तिथल्या तिथे मिळतील, हा त्यातला वरचा लाभ.

संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडेही आहे. वाचकांनी पाठवलेली निसर्गछायाचित्रे वृत्तपत्रे आवडीने छापतात, आणि माझीही दोन-तीन छापून आली आहेत. त्यांच्या खाली घरट्याचा वाडा, रस्ता आणि वळण इतके तपशिलाने दिलेले असते की पुढच्या रविवारी तेथे गाड्यांची रांग लागते. माझ्याच एका छायाचित्रामुळे तसे झाले आणि ते घरटे त्या वर्षी रिकामे राहिले. यापुढे घरट्यातले पक्षी, कासवे आणि दिवसा झाडावर झोपणारी घुबडे किंवा बेडूकमुखी यांच्या छायाचित्राखाली केवळ तालुक्याचे नाव छापावे. नोव्हेंबरपासून कासवांचा हंगाम सुरू होईल, त्याआधी हे ठरले तर बरे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
पेडणे तालुका, गोवा