वापरायचं पाणी कारखान्यांना द्या

माननीय जलसंपदा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात घागरीत प्यायचं पाणी असे, टिपाडात वापरायचं आणि न्हाणीतल्या बादलीत धुण्याचं निघालेलं. ते बादलीतलं संडासाला. तांदूळ धुतलेलं तुळशीला. घागरीतल्या पाण्याने कुणी फरशी पुसली असती, तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.

सरकार मात्र तेच करतंय. धरणातलं गोडं पाणी कारखान्यांच्या कूलिंग टॉवरला जातं आणि शहराचं सांडपाणी नाल्याने नदीत.

अमेरिकेत टेक्सासचा पर्मियन तेलपट्टा आपल्यासारखाच कोरडा. तिथे एका पिंप तेलामागे तीन-चार पिंपं खारं पाणी वर येतं, कधी समुद्राच्या तिप्पट खारट. खडक फोडून तेल काढायला एकेका विहिरीत काही कोटी लिटर पाणी वाळू मिसळून दाबाने सोडावं लागतं. पूर्वी त्याला गोडं पाणी वापरत आणि वर आलेलं खारं खोल जमिनीत जिरवत. त्याने भूकंपाचे धक्के बसू लागले. २०१३ मध्ये तिथल्या नियामकाने कंपन्यांना आपल्याच क्षेत्रात हे पाणी पुन्हा वापरायला वेगळ्या परवान्याची अट काढून टाकली. आता त्यातलं तेल, लोह, गाळ, जिवाणू काढतात. मीठ बहुतेक तसंच राहू देतात. खडक फोडायला गोडं पाणी लागतंच असं नाही! तो धंदा आदर्श आहे असं मी म्हणत नाही, उरलेलं पाणी ते आजही जमिनीतच सोडतात. पण कामापुरतंच पाणी साफ करायचं, हे त्यांना उमगलं.

आपल्याकडेही नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारक आहे. परळीचं केंद्र तर २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

म्हणून मागणी एवढीच: धरणातून नवं आरक्षण मागणाऱ्या प्रत्येक कारखान्याला थंडाव्याला आणि धुलाईला किती पाणी लागतं ते विचारा. तेवढं धरणातून देऊ नका. शहराच्या प्रक्रिया केंद्रापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत जलवाहिनी टाका आणि पाणी तपासणीचे आकडे दरमहा वसाहतीच्या फाटकावर लावा. कालवा सल्लागार समितीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
लातूरची एक गृहिणी