विषय : अपुरा व सदोष ग्रंथपुरवठा, तसेच किमतीतील तफावत

प्रति,
व्यवस्थापक, ग्रंथविक्री विभाग

महोदय,

जानेवारीत आपल्याला २१२ शीर्षकांचे मागणीपत्र दिले होते, मुदत सहा आठवडे. आपला टेम्पो दादरला आमच्या दारात आला तो ३१ मार्चला, संध्याकाळी साडेपाचला. १३१ शीर्षके उतरवली आणि 'बिल आजच पास करा' असा निरोप ठेवला.

उरलेल्या ८१ पुढे सरसकट 'आउट ऑफ प्रिंट'. त्यातल्या चार मराठी समीक्षाग्रंथांसाठी मी स्वतः पुण्याच्या प्रकाशकांना फोन केला. प्रती शिल्लक आहेत, आपल्याकडून मागणीच गेली नाही. तिथे कमिशन कमी सुटते, एवढाच अर्थ मी घेते.

आता आलेल्या पुस्तकांविषयी. सांख्यिकीच्या दहा प्रतींवर ८९५ रुपयांचे स्टिकर आहे. दाखल क्रमांक घालताना आमच्या परिचराने एकाचा कोपरा नखाने उचकटला, तर खाली छापील किंमत ६५०! आपली २७ टक्के सवलत धरून प्रत पडते ६५३ रुपये ३५ पैशांना. सवलत न घेता छापील किमतीला घेतली असती, तर प्रतीमागे आमचे तीन रुपये ३५ पैसे वाचले असते.

अर्थशास्त्राच्या एका प्रतीत पान ९६ नंतर थेट ११३. अख्खा फर्माच, म्हणजे सोळा पानांची एकत्र बांधलेली घडी, गायब. 'शिक्का मारलेले पुस्तक परत घेत नाही,' असे आपले प्रतिनिधी म्हणतात. बांधणीतला हा दोष एका विद्यार्थिनीने वाचताना दाखवला. बाहेरून तो कसा दिसणार?

तीन दरपत्रकांत आपली सवलत दोन टक्क्यांनी जास्त, म्हणून ग्रंथालय समितीने आपल्याला निवडले. मागवलेल्यांपैकी किती पुस्तके मुदतीत येतात तेही पाहावे, हे माझे म्हणणे इतिवृत्तातच राहिले. यंदा ती नोंद ठेवली आहे. मुदतीत शून्य, उशिरा धरून ६२ टक्के. पुढची निवड करताना हा कागद समितीपुढे असेल.

१५ दिवसांत सदोष प्रत बदलून द्यावी, छापील किमतीनुसार सुधारित बिल द्यावे आणि स्टिकर असलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी प्रकाशकाचा किंमत-पुरावा जोडावा. तोवर बिल रोखले आहे. ते चार समीक्षाग्रंथ आम्ही थेट मागवले, मागणीपत्रातून वगळावेत.

आणि टेम्पो चारच्या आत पाठवा. पाचला लिफ्ट बंद होते. मागच्या वेळी आमच्या दोन शिपायांनी चौदा खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवली. आपला माणूस गाडीतच बसून होता.

आपली,
ग्रंथपाल