मूळ चित्राचा समास कापू नकोस

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. पुण्यातील एक जुना छापखाना मोडताना निघालेली दोन मूळ चित्रे तुला विकत मिळण्याजोगी आहेत, एक कथेसाठी काढलेले काळ्या शाईचे रेखाचित्र आणि दुसरे दिवाळी अंकाचे रंगीत मुखपृष्ठ. आणि ती घेतलीच तर भोवतालचा मळका भाग कापून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावावीत असा तुझा विचार आहे, हे वाचले. चित्रे खरी असतील तर अवश्य घे. कापण्याच्या बाबतीत मात्र तुला कळकळीने थांबवावेसे वाटते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी नियतकालिकांत चित्रांचा केवढा मोठा संसार उभा राहिला हे तुला सांगायला नको. तरी त्यातील मूळ चित्रे आज इतकी विरळ आहेत, याचे कारण त्या काळच्या कामाच्या रीतीतच आहे. चित्र हे छपाईचे साधन होते. चित्रकाराने ते संपादकाकडे द्यायचे, संपादकाने ब्लॉक, म्हणजे छपाईसाठी चित्र उतरवलेला धातूचा ठसा, करणाऱ्याकडे पाठवायचे, आणि ब्लॉक हाती आला की चित्राचे काम संपले. लाकडावर ठोकलेला जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक लोक जपून ठेवत, कारण तो पुन्हा वापरता येई आणि शेवटी धातूच्या भावाने विकताही येई. कागदावरचे चित्र मात्र गठ्ठ्यात जाई, आणि गठ्ठा बहुधा रद्दीत. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला, तेव्हा चित्रकार आणि संपादक एकच झाले. पण असे भाग्य फार थोड्या चित्रकारांना लाभले.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे, की या चित्रांना भिंतीवरच्या तैलचित्रासारखे वागवू नये. तो कामाचा कागद आहे, आणि त्याच्यावर काम कसे झाले याच्या खुणा ज्या ठिकाणी सर्वांत जास्त असतात, तो समासच तू कापायला निघाला आहेस.

माझ्याकडचे एक रेखाचित्र तुला वर्णन करून सांगतो. चित्रकाराची सही नाही. पडवीत एक म्हातारी सूप घेऊन बसली आहे, एवढाच विषय. चित्र छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढलेले आहे, कारण लहान करताना हाताचा कंप आणि रेषेचा खडबडीतपणा झाकला जातो. म्हातारीचा डावा अंगठा आधी सुपाच्या बाहेर होता. चित्रकाराने त्यावर चायनीज व्हाइटचा, म्हणजे दाट पांढऱ्या रंगाचा, थर देऊन तो सुपाच्या काठावर घट्ट रोवलेला असा पुन्हा काढला. कागद उजेडात तिरपा धरला की पांढऱ्या रंगाचा तो उंचवटा दिसतो आणि त्याखालची पहिली रेषाही अंधूक दिसते. छापलेल्या पानावर यातले काही दिसत नाही, कारण ब्लॉकसाठी फोटो काढताना पांढऱ्यावरचा पांढरा थर नाहीसा होतो. खालच्या समासात निळ्या पेन्सिलीने दोन बाण काढून मध्ये ‘४ इंच’ आणि शेजारी ‘तातडीचे’ असे लिहिले आहे. निळी पेन्सिलच का, तर ब्लॉकसाठी वापरल्या जाणाऱ्या फिल्मला निळा रंग पांढऱ्यासारखाच वाटतो, त्यामुळे सूचना चित्रावर आली तरी छपाईत उतरत नाही.

हे चित्र ज्यात छापले तो अंकही मी जवळ ठेवला आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यात जो आनंद आहे तो केवळ चित्र पाहण्यात नाही. अशा रेखाचित्राच्या ब्लॉकला, म्हणजे लाइन ब्लॉकला, करडा रंग माहीत नसतो. त्याला फक्त शाई आणि कोरा कागद कळतो. त्यामुळे सावली दाखवायची ती रेषा जवळजवळ ओढूनच. माझ्या चित्रात वळचणीखालच्या काळोखात निबेच्या आडव्या-उभ्या रेषा आहेत आणि त्यांच्या मधोमध कागदाचे बारीक पांढरे चौकोन सोडलेले आहेत. चित्र निम्मे झाले, कागद वृत्तपत्राचा, शाई पसरली, आणि छापील पानावर ते सगळे चौकोन बुजून वळचण सपाट काळी झाली. चित्रकाराने त्या काळोखात हवा ठेवली होती आणि वाचकाला ती कधीच दिसली नाही, हे मला मूळ चित्र हाती आल्यावर समजले.

रंगीत मुखपृष्ठाची गोष्ट आणखी निराळी. तिथे रंगछटांचे लहानमोठे ठिपके करणारी हाफटोनची जाळी आणि रंगफिल्टर लावून पिवळा, लाल, निळा आणि काळा असे वेगवेगळे ब्लॉक करत आणि चार वेळा छापून चित्र पुरे होई. रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतील चेहऱ्यावरचा तो लोण्यासारखा मऊ उजेड स्प्रेच्या कामातून येतो. मूळ चित्रावर भिंग धरले तर रंगाचे अतिशय बारीक कण अनियमितपणे विरत गेलेले दिसतात, आणि छापील प्रतीवर त्याच जागी ठिपक्यांच्या शिस्तीत चाललेल्या रांगा दिसतात. तुझ्या मुखपृष्ठाच्या वरच्या अंगाला बरीच रिकामी जागा आहे आणि ती निरर्थक वाटते, असे तू लिहिले आहेस. ती अंकाच्या नावासाठी सोडलेली जागा आहे. पुष्कळदा अक्षरे वेगळ्या कागदावर काढून नंतर जोडत, म्हणून मूळ चित्रात ती नसतात. फ्रेमवाला तीच जागा आधी कापायला सांगेल. तू ऐकू नकोस.

समास राखण्याचे आणखी एक कारण व्यवहाराचे आहे. या चित्रांना मागणी आल्यापासून नकलाही येऊ लागल्या आहेत, आणि सही हा त्यातला सर्वांत कच्चा पुरावा, कारण सहीची नक्कल सर्वांत सोपी. नक्कल करणाऱ्यापुढे बहुधा छापील पान असते. जेवढे पानावर आहे तेवढेच त्याला ठाऊक. पानाच्या कडेला कापले गेलेले झाडाचे खोड पुढे कुठे गेले, हे त्याला कळायला मार्ग नाही. मूळ चित्रात मात्र ते खोड पानाच्या कडेपलीकडेही थोडे वाढलेले असते, कारण छाटणीसाठी चित्रकार जागा सोडतो. तेव्हा विक्रेत्याकडे तो अंक माग, किंवा ग्रंथालयात शोध, आणि चित्र अंकाशी ताडून पाहा. मूळ चित्रात छापलेल्यापेक्षा काही अधिक असले पाहिजे. चित्र जर छापील कडेलाच बरोबर थांबत असेल, आणि वळचणीसारख्या जागी छपाईत बुजलेल्या रेषा चित्रातही बुजलेल्याच असतील, तर पैसे काढू नकोस. मागची बाजू पाहिल्याशिवाय तर व्यवहारच करू नकोस. शिक्के, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कथेचे नाव, हे सारे तिथेच असते.

आता जपणुकीविषयी. ही चित्रे बहुधा साध्या पुठ्ठ्यावर डकवलेली असतात आणि त्या पुठ्ठ्यातील आम्ल कागदात उतरून तो तपकिरी आणि ठिसूळ होतो. तरीही पुठ्ठा घरी सोलायला जाऊ नकोस. सेलोटेपचे डाग, बुरशीचे ठिपके, कसरीने खाल्लेल्या कडा, हे काम कागदाच्या संवर्धकाचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथल्या जाणकारांचा सल्ला घे. खोडरबराने समास स्वच्छ करणे म्हणजे निळ्या पेन्सिलीची सूचना कायमची घालवणे. दिवाणखान्यात लावायचेच असेल तर आम्लरहित कापसाच्या माउंटबोर्डात, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या जाड पुठ्ठ्यात, समासासकट, काचेला चित्र टेकणार नाही अशा बेताने लाव, आणि बाहेरच्या भिंतीवर लावू नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. रंगीत मुखपृष्ठ तर उन्हापासून फारच जपावे लागेल. त्या काळी वापरलेल्या काही द्रव रंगांतील गुलाबी आणि जांभळा उजेडात उडून जातो आणि एकदा उडाला की परत येत नाही. माझे मत विचारशील तर रंगीत चित्र सपाट पेटीत ठेव आणि भिंतीवर त्याची चांगली छापील प्रत लाव.

प्रतीवरून आठवले. चित्र विकत घेतल्याने ते छापण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. दलाल १९७१ साली गेले आणि मुळगावकर १९७६ साली, म्हणजे त्यांची चित्रे अजून त्या मुदतीत आहेत. १९४४ साली गेलेल्या चित्रकार म. वि. धुरंधरांची नाहीत. हक्क चित्रकाराच्या वारसांकडे की प्रकाशकाकडे, हे जुन्या व्यवहारावर अवलंबून असते, तेव्हा उद्या कुणी पुस्तकासाठी तुझ्याकडे चित्र मागितले तर आधी तेवढी चौकशी कर.

छापखान्याच्या मालकांना आणखी एक गोष्ट विचार. या दोन चित्रांबरोबर हिशेबाच्या वह्या, ब्लॉकवाल्याची बिले, चित्रकारांना दिलेल्या पैशांच्या पावत्या निघाल्या असतील, तर त्याही रद्दीत जाऊ देऊ नकोस. रेखाचित्रावर सही नाही असे तू म्हणतोस. मग ते कुणी काढले हे एखाद्या पावतीवरूनच कळेल. चित्रांपेक्षा ती बाडे त्यांना बिनकामाची वाटत असणार आणि ती नुसती मागितली तरी मिळतील. दोन्ही चित्रांचे पुढून-मागून फोटो, समासासकट, मला पाठव. अंकाचे नाव आणि साल कळले की माझ्या जवळच्या अंकांत मी शोधायला लागतो.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
स्नेही