सिस्टर, तुमची पट्टी आमच्याकडेच आहे

सिस्टर,

तुमच्या बदलीची ऑर्डर आली. शाल-श्रीफळ होईलच, पण आम्हा व्यसनमुक्ती वॉर्डातल्या समुपदेशकांना ज्याचे आभार मानायचेत ते समारंभात बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

पहिलं, ती आडवी रेघ. केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही पट्टीने रेघ मारायचात. वर व्यसन: पहिला घोट कितव्या वर्षी, रोजची कधीपासून, सकाळी उठल्या-उठल्या लागायला लागली ती कधी. खाली मन: झोप कधी उडाली, कानात आवाज कधी सुरू झाले, उसनवारी करून पैसे उधळत हिंडला ते कधी. मग तुमचा ठरलेला प्रश्न: ‘सगळ्यात जास्त दिवस सुटली होती ती कधी? आणि तेव्हा मन कसं होतं?’ हेच बायकोला किंवा आईला वेगळं बसवून विचारायचं, कारण दोन उत्तरं क्वचितच जुळतात.

या रेघेवर उदासी पिण्याच्या आधीपासूनची दिसली, किंवा सुटलेल्या महिन्यांतही टिकली असेल, तर तो स्वतंत्र आजार. त्याचं औषध लांबवायचं नाही. दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत निवळली, तर ती बहुधा दारूचीच. म्हणून पहिल्या आठवड्यात डिप्रेशनचा शिक्का नको. आत्महत्येचा विचार मात्र पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत विचारायचा.

‘आधी दारू सोड, मग ये’ हे वाक्य तुमच्या टेबलावर कधी ऐकू आलं नाही. एरवी व्यसनमुक्तीवाले म्हणतात, याला आवाज येतात, मनोविकार विभागात न्या; तिथले म्हणतात, आधी पिणं थांबवा. पेशंट दोन्हीकडून सुटतो आणि गुत्त्यावर जातो. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे त्रास मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले. कागदावर सगळं एक झालंय, खिडक्या अजून दोनच.

दारू थांबल्यावर तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसणारा पेशंट ‘वेडा झाला’ नाही, हे नातेवाइकांना तुमच्याइतकं शांतपणे कुणी सांगितलं नसेल. दारू तोडल्यावर फिट येते ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत. भ्रमाची वेळ ४८ ते ९६ तास. हात थरथरतात, घाम सुटतो, नाडी धावते, आज वार कोणता ते सांगता येत नाही. शुद्ध पक्की असून आवाज येत असतील तर विचार वेगळा करायचा. आणि ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, यावर तुम्ही नव्या इंटर्नशीही भांडलात. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ आधीच कमी. ग्लुकोज जिरवताना उरलंसुरलं संपलं की इजा मेंदूला होते.

विडीचं गणित तर आम्हाला तुमच्यामुळेच कळलं. आवाज येण्यासारख्या आजारावरचं क्लोझापिन हे औषध चालू असलेला पेशंट वॉर्डात येतो, विडी बंद होते, आणि आठवडाभरात तो दिवसभर पेंगतो, उशी लाळेने भिजते. डोस तोच असतो. विडीच्या धुरामुळे लिव्हर हे औषध भराभर निकामी करत असतं. धूर थांबला की तेवढाच डोस अंगात जास्त साठतो. ओलान्झापिन या त्याच जातीच्या औषधाचंही थोडंफार तसंच. तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही, कारण करामत निकोटिनची नसून धुराची आहे. म्हणून भरतीच्या कागदावर तुम्ही नुसतं ‘तंबाखू: होय’ लिहू दिलं नाहीत. विडी की मळलेली, आणि दिवसाला किती बंडल, हे लिहायला लावलंत. डिस्चार्जला उलटा हिशेब: घरी गेल्यावर विडी पुन्हा सुरू झाली, तर आवाजही परत येऊ शकतात.

शेवटचं, चहातल्या गोळीबद्दल. नवऱ्याला न सांगता डायसल्फिराम, म्हणजे वरून दारू प्यायली की त्रास देणारी गोळी, चहात घालणाऱ्या बायकांवर तुम्ही कधी ओरडला नाहीत. त्यांना बाकावर बसवून सांगितलंत: नकळत प्यायला तर चेहरा लालबुंद होईल, छाती धडधडेल, बीपी कोसळून जीवही जाऊ शकेल, गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो, आणि आवाज येणाऱ्या माणसाचा आजार या गोळीने बळावू शकतो. मग त्या बायका उरलेल्या गोळ्या पदराच्या गाठीतून काढून तुमच्या टेबलावर ठेवायच्या.

रेघ आता आम्ही मारतो. पट्टी तुमच्या ड्रॉवरमध्येच राहिली होती, ती परत पाठवत नाही आहोत. मनापासून आभार, सिस्टर.

तुमचे,
व्यसनमुक्ती वॉर्डातले समुपदेशक