खाणपट्ट्यातील पाण्यासाठी विकलेल्या आर्सेनिक तपासणी किटबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
पाणी तपासणी किट उत्पादक कंपनी,
पुणे

प्रेषक: माती-पाणी तपासणारा ग्राहक गट, इंदूर

विषय: ‘खाण व औद्योगिक परिसरासाठी उपयुक्त’ असे छापलेली आर्सेनिक किट खाणीच्या पाण्यात कमी आकडा दाखवते, विक्री थांबवून आधीच्या ग्राहकांना कळवण्याबाबत

महोदय,

आपली शंभर चाचण्यांची आर्सेनिक किट आम्ही खाणपट्ट्यातील विहिरी, बोअर आणि नाल्यांचे पाणी तपासण्यासाठी घेतली. खोक्यावरच्या ‘खाण परिसरासाठी उपयुक्त’ या शब्दांच्या भरवशावरच ती घेतली होती. साध्या भूजलावर ही किट व्यवस्थित चालते. खाणीच्या पाण्यावर मात्र आर्सेनिक असूनही पट्टी पांढरी किंवा अगदी फिकट पिवळी राहते. पैशांचे शेवटी लिहिले आहे. दोष नेमका कुठे आहे ते आधी मांडतो, म्हणजे आपल्या तांत्रिक विभागाला लगेच पडताळता येईल.

बाटलीत १०० मिली पाणी, आम्लाची पुडी, ऑक्सिडंटची पुडी, मग जस्ताची पूड, अशी ही चाचणी. झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी. जस्त आणि आम्लातून हायड्रोजन सुटतो, आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो आणि तो पट्टीला पिवळी ते तपकिरी करतो. बांगलादेशात लाखो हातपंप याच पद्धतीने तपासले गेले. ते पाणी वेगळे: लोह भरपूर, पण विरघळलेले तांबे जवळजवळ नाही. सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांच्या खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात तांबे, निकेल, कोबाल्ट विरघळलेले असू शकतात, आणि हे धातू आर्सिन सुटण्यातच अडथळा आणतात. तांबे जस्तावर चढते, पूड काही मिनिटांत काळी पडते, बुडबुडे तर जोरात येतात, पण पट्टीपर्यंत आर्सिन पुरता पोचत नाही. बुडबुडे पाहून वापरणाऱ्याला वाटते की चाचणी छान झाली. माहितीपत्रकात तांब्याचा उल्लेखही नाही.

हे तपासायला सोपी रीत आहे, आणि आम्ही तीच वापरली. १० मिग्रॅ प्रतिलिटर तीव्रतेचे आर्सेनिकचे प्रमाण द्रावण (ज्यातले आर्सेनिक नेमके माहीत असते असे द्रावण) ०.५ मिली घेऊन १०० मिली पाण्यात घातले की त्यात ५० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरची भर पडते. क्लोरीन उडून जावा म्हणून रात्रभर उघड्या ठेवलेल्या नर्मदेच्या नळाच्या पाण्यात ही भर घातली, तेव्हा पट्टी तक्त्यातल्या ५० च्या चौकटीशी जुळली. निळसर झाक असलेल्या खाणीच्या पाण्यात तेवढीच भर घातली, तर रंग २५ च्या चौकटीपर्यंतही चढला नाही. पाण्यातले मूळ आर्सेनिक सोडाच, आपण स्वतः घातलेलेही किटला दिसत नाही. बॅच क्रमांक आणि पट्ट्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पाणी दहापट पातळ करून तांब्याचा त्रास घटतो, पण मग लिटरमागे १० मायक्रोग्रॅम असलेले आर्सेनिक १ मायक्रोग्रॅमच उरते आणि ते या पट्टीच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणजे अशा पाण्यासाठी किटमध्ये तोडगाच नाही. नमुना प्रयोगशाळेत आयसीपी-एमएसवर (धातूंचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) द्यायलाच हवा, आणि हे खोक्यावर लिहिलेले असायला हवे.

उलट्या दिशेची चूकही होते. आर्सेनिकच्या खनिजांबरोबर अँटिमनी हे त्याच्यासारखेच मूलद्रव्य बऱ्याचदा असते. त्याचा स्टिबिन वायू याच पट्टीवर रंग आणतो. खाणीच्या गाळाच्या बंधाऱ्याखालून येणाऱ्या झिरप्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर पट्टी करडी-काळी होते. त्यासाठी ऑक्सिडंटची पुडी दिली आहे खरी, पण तिचे माप ठरलेले आहे, आणि खाणीच्या पाण्यातले फेरस लोहही तिचा बराचसा भाग खाऊन टाकते. सल्फाइड शिल्लक राहते. झाकणात हायड्रोजन सल्फाइड अडवणारा लेड ॲसिटेटचा कापूस दिला असता तर हा प्रश्न बराच सुटला असता. तरीही आमच्या मते कमी आकडा हाच मोठा धोका. चुकून जास्त आला तर लोक प्रयोगशाळेत जातील. कमी आला तर तेच पाणी पीत राहतील.

आता माहितीपत्रकाकडे. ‘नमुना साठवायचा असल्यास नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा’ असे पान दोनवर आहे. धातूंच्या प्रयोगशाळा चाचणीसाठी हा नियम बरोबर आहे, पण याच नमुन्यावर आपली पट्टी वापरायची तर तो घातक आहे, कारण नायट्रिक आम्ल आर्सिन तयार होण्यात अडथळा आणते. लोकांनी सूचना तंतोतंत पाळली की निकाल आणखी खाली जाणार. दोन बाटल्या घ्यायला सांगा: एक नायट्रिक घातलेली, प्रयोगशाळेसाठी, दुसरी आम्ल न घालता, जागच्या जागी किटने तपासण्यासाठी.

त्याच पानावर ‘पाणी गढूळ असल्यास रात्रभर स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी वापरा’ असेही आहे. खाणीच्या नाल्यातले नारिंगी गढूळपण म्हणजे फेरिक हायड्रॉक्साइड, आणि आर्सेनिक त्याच कणांना घट्ट चिकटते. रात्रभर ठेवल्यावर ते बाटलीच्या तळाला बसते आणि वरच्या पाण्यात जवळजवळ काही उरत नाही. विहिरीत बादली टाकणारा माणूस मात्र कणांसकट पाणी काढतो. निदान दोन आकडे हवेत: ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेल्या पाण्याचा आणि हलवून घेतलेल्या, न गाळलेल्या पाण्याचा.

पान तीनवरचे एक वाक्य तर ताबडतोब काढावे: ‘पीएच ७ च्या आसपास असल्यास धातूंचे प्रदूषण संभवत नाही.’ तांबे, जस्त, शिसे आम्लधर्मी पाण्यात जास्त विरघळतात, हे खरे. आर्सेनिकचे वागणे त्याच्या उलट असते. ते आर्सेनेटच्या रूपात असते, म्हणजे ऋणभारित; पीएच वाढला की लोहाच्या ऑक्साइडवरची त्याची पकड सुटते आणि ते पाण्यात येते. चुना टाकून आम्ल मारलेला नाला दिसायला स्वच्छ होतो, तांब्याचे प्रमाणही घटते, आणि आर्सेनिकबद्दल मात्र काहीच सिद्ध होत नाही. आर्सेनोपायराइट या लोह-आर्सेनिक-गंधकाच्या खनिजात वजनाने साधारण ४६ टक्के आर्सेनिक असते. टेलिंगच्या (धातू काढून उरलेल्या खाणगाळाच्या) ढिगात ते हवा आणि पावसाला उघडे पडले की ऑक्सिडेशन वर्षानुवर्षे चालते, खाण बंद झाली तरी. थायलंडमधील रॉन फिबून येथे कथीलाच्या खाणकामाचा कचरा असाच पसरला होता, आणि तिथल्या लोकांमधले आर्सेनिकचे त्वचाविकार १९८७ मध्ये उघडकीस आले. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये कौडीकसा भागात आर्सेनिक मुख्यतः खडकातूनच भूजलात उतरते. तिथल्या हातपंपावर आपली किट उपयोगी पडू शकेल. दोन्ही ठिकाणी एकच माहितीपत्रक चालणार नाही, हाच आमचा मुद्दा.

मातीसाठीची पद्धत आम्हाला सर्वांत खटकली. ५ ग्रॅम माती १०० मिली पाण्यात पाच मिनिटे हलवा, गाळा, पट्टी लावा. पांढरी राहिल्यास ‘माती सुरक्षित’. हिशेब करून पाहा. मातीत किलोमागे १०० मिग्रॅ आर्सेनिक असेल, तर ५ ग्रॅममध्ये ५०० मायक्रोग्रॅम झाले. त्यातला हजारातला एक भाग पाण्यात उतरला तर गाळलेल्या पाण्यात ५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर येतील आणि पट्टी पांढरीच राहील. एकूण आर्सेनिक काढायला माती वाळवून, चाळून, आम्लात उकळून विरघळवावी लागते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचा खाणपट्टा धानाचा आहे, आणि भाताच्या खाचरात पाणी साचले की लोहाचे ऑक्साइड विरघळून त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटे होते व मुळांना मिळते. कोरड्या मातीच्या पाच मिनिटांच्या चाचणीत याचा मागमूसही लागत नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द आपण कशाच्या आधारे छापला, हे लेखी कळवावे.

रंगतक्त्यात ० नंतर थेट २५ ची चौकट आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा ०.०१ मिग्रॅ प्रतिलिटर आहे, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९३ पासून १० हाच आकडा ठेवला आहे. ज्या आकड्यावर निर्णय घ्यायचा, त्याचीच चौकट तक्त्यात नाही. शिवाय माळव्यातल्या थंडीत रात्रभर खोलीत राहिलेला नमुना सकाळी गार असतो आणि वीस मिनिटांत प्रक्रिया अर्धवटच होते. बाटली कोमट पाण्यात ठेवा, एवढी ओळ छापायला खर्च येत नाही.

सुरक्षिततेच्या सूचना फारच तोकड्या आहेत. आर्सिन अतिशय विषारी आहे, हायड्रोजन पेट घेतो, वापरलेल्या पट्टीत पारा असतो. चाचणी उघड्यावर करावी, जवळ विडी-काडी नको, पट्ट्या वेगळ्या झाकणबंद डब्यात जमा कराव्यात, हे मराठी-हिंदीत ठळक छापा. सोबतची सुरक्षा-चिठ्ठी फक्त इंग्रजीत आहे. ही किट गावातल्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत वापरली जाते.

आमच्या मागण्या अशा: खोक्यावरून ‘खाण परिसरासाठी उपयुक्त’ हे शब्द काढावेत आणि तोपर्यंत त्या भागात विक्री थांबवावी. मातीची पद्धत व पीएचचे वाक्य रद्द करावे. ज्यांनी खाणपट्ट्यासाठी किट घेतली आहे, त्या सर्वांना ‘पांढरी पट्टी म्हणजे पाणी पिण्यायोग्य असे समजू नये, नमुना प्रयोगशाळेत द्यावा’ असे लेखी कळवावे. विक्रीच्या नोंदी आपल्याकडे आहेतच. प्रत्येक खोक्यात प्रमाण द्रावणाची एक कुपी द्यावी, म्हणजे वापरणाऱ्याला वर दिलेली भर घालण्याची चाचणी स्वतः करता येईल. आमच्या न वापरलेल्या पट्ट्या परत घेऊन किंमत द्यावी.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. आपले रसायनतज्ज्ञ इंदूरला येणार असतील, तर त्यांच्यासमोर हीच चाचणी पुन्हा करून दाखवायला आम्ही तयार आहोत. नमुन्यांचा अर्धा भाग त्यासाठी शीतकपाटात राखून ठेवला आहे.

आपले,
माती-पाणी तपासणारा ग्राहक गट,
इंदूर

सोबत: खरेदीची पावती, खोक्याचे व माहितीपत्रकाचे छायाचित्र, बॅच क्रमांक, भर घातलेल्या व न घातलेल्या नमुन्यांच्या पट्ट्यांची छायाचित्रे.