आईला कागदावर वायलं काढा म्हणे

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकातला, पेन्शनचा सरकारवर बोजा झालाय, सुधारणा करा असं सांगणारा लेख वाचला, दोनदा वाचला, काल दिवसभर डोक्यातून गेला नाही म्हणून आज लिहायला बसलो. लेखात सुधारणा हा शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं मी सोडून दिलं. साहेब, आमच्याकडे सुधारणा झाली म्हणजे काय झालं ते सांगतो, कारण लेख लिहिणाऱ्यांना तहसीलच्या खिडकीपुढं कधी उभं राहावं लागलं असेल असं वाटत नाही.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिला श्रावणबाळचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे महिन्याला मिळायचे, आधी ६००, मग २०१९ ला १००० झाले आणि २०२३ ला १५००. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, निंदण केलं, तिच्या नावावर एक गुंठा नाही. तर ते १५०० यंदा बंद झाले, आणि बंद झाले ते माझ्यामुळे. मी सूतगिरणीत होतो, गिरणी बंद पडली, ५८ पूर्ण झाल्यावर ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन चालू झाली, महिना १८७० रुपये. यंदा उत्पन्नाचा दाखला नव्याने काढायला गेलो तर बारा महिन्यांचे २२४४० झाले, बाकी काही धरलंच नाही, नुसती पेन्शन. श्रावणबाळला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१०००. म्हणजे आम्ही १४४० रुपयांनी श्रीमंत निघालो आणि आईचं नाव कटलं.

खिडकीवरचा बाबू वाईट माणूस नव्हता, त्याच्या परीने त्याने रस्ता सांगितला. म्हणे काका, आजीचं राशन कार्ड वेगळं करून घ्या, वेगळ्या राहतात असं लिहून द्या, पुढच्या मीटिंगला प्रकरण ठेवू. सगळेच करतात म्हणे. खरंच करतात, आमच्या गावात पाच-सहा घरं अशी आहेत जिथं चूल एकच आहे पण कार्डं दोन आहेत.

घरी आलो, आई ओसरीत तुरी पाखडत होती. सांगितलं तर सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "काऊन रे, म्या काय केलं तं मले वायलं काढतं?" मी म्हटलं माय, नुसतं कागदावर. तर म्हणे, "कागदावर तं कागदावर, नाव तं माह्यंच हाय ना. उद्या मेल्यावर लोकं म्हनतीन पोरानं म्हातारीले वायलं काढलं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पण पुढच्या महिन्यात तिची गोळ्यांची पिशवी पाहिली तर बीपीच्या पाकिटात अर्ध्या अर्ध्या गोळ्या. नखानं तोडलेल्या, एक अर्धी खाल्लेली अन् दुसरी परत त्याच खळग्यात दाबून ठेवलेली. तिचे १५०० यायचे तेव्हा गोळ्या ती स्वतःच्या पैशानं आणायची, तंबाखू आणायची, बाजाराच्या दिवशी नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवायची. आता माझ्याजवळ मागायला तिला लाज वाटते. पोटच्या पोराजवळ मागायला लाज वाटते, साहेब. डॉक्टर म्हणाले अर्धी गोळी घेणं म्हणजे लकव्याला बोलावणं.

आता मला सांगा, हे २१००० कोणत्या काळातले आहेत? रक्कम ६०० ची १५०० झाली पण मर्यादा कित्येक वर्षं तिथंच आहे. रोजगार हमीची मजुरी २०२५ ला ३१२ रुपये होती, म्हणजे घरातल्या एकानं ६८ दिवस काम केलं की मर्यादा पार. अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत आहे असं घर मला दाखवून द्या. नसतंच, म्हणून खोटा दाखला काढावा लागतो. सरकारलाही माहीत आहे, तलाठ्यालाही माहीत आहे, आणि जो खरं सांगतो त्याचं नाव कटतं.

दुसरीकडे सत्तरीच्या वरच्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचं पाच लाखाचं कार्ड आहे, त्याला उत्पन्न विचारत नाहीत. एसटी ७५ च्या वर फुकट, तिथंही दाखला लागत नाही. दोन्ही चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही, आईचं कार्ड आशाताईनं घरी येऊन मोबाईलवर काढून दिलं. पण ते कार्ड भरती झाल्यावर चालतं, रोजच्या गोळीला चालत नाही. म्हणजे लकवा मारला तर पाच लाख आणि लकवा मारू नये म्हणून जे १५०० होते ते बंद. ही कोणती सुधारणा आहे हे लेखकाने लिहावं.

बोजा बोजा म्हणता तर केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा बघा, ८० च्या आतल्या म्हाताऱ्याला महिना २०० रुपये. २००७ ला २०० होते, आज पण २००. आमदाराला एक टर्म झाली की महिना ५० हजार पेन्शन, त्याला उत्पन्नाची मर्यादा लावल्याचं मी ऐकलं नाही. दिव्यांगांचे २५०० झाले, झालेच पाहिजे होते, पण त्यासाठी बच्चू कडूंना मोझरीला उपोषणाला बसावं लागलं. आमची ८४ वर्षांची आई कुठं बसणार?

आणि माझ्या १८७० बद्दलही बोलून घेतो. आम्ही कामावर असताना दर महिन्याला आमच्या नावानं पेन्शन फंडात पैसे जात होते, ही भीक नाही. राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं २०१३ लाच किमान पेन्शन ३००० करा म्हणून सांगितलं, २०१४ ला किमान १००० केले, ते आजही १०००. कोश्यारी साहेब पुढं आपल्याच राज्याचे राज्यपाल होऊन गेले. बुलढाण्यात आमच्यासारखे म्हातारे २०१८ पासून साखळी उपोषण करून राहिले, त्याची बातमी तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची येते.

बातमीवरून आठवलं. गेल्या दिवाळीत तुम्ही मोठ्या अक्षरात छापलं की निराधारांचे पैसे सणाआधी खात्यात. दुसऱ्या दिवशी गावातल्या अकरा बाया ऑटो करून बँकेत गेल्या, माणशी जाऊन येऊन ८० रुपये, पैसे आलेच नव्हते. त्या तुमचा पेपर वाचत नाहीत, मी वाचून दाखवला होता, म्हणून बोलणी मला बसली. कृपा करून मंत्री काय म्हणाले एवढ्यावर असलं छापत जाऊ नका, तहसीलला एक फोन लावून विचारत जा.

पत्र छापलं तर नाव आणि गाव छापू नका ही विनंती. सोमवारी मला परत त्याच खिडकीवर जायचं आहे.

आपला,
एक निवृत्त सूतगिरणी कामगार, जि. यवतमाळ