लेबल राहू द्या, आधी खाचा बघा

मा. संपादक, स.न.

जुन्या कॅसेटची क्रेझ परत आलीये असं तुमच्या पुरवणीत वाचलं, बरं वाटलं. पण तेव्हापासून आपल्या सोलापुरात जुन्या सामानवाल्यांनी जे भाव लावलेत ते बघून लिहावंसं वाटलं. कुठलीही जरा चकचकीत कॅसेट उचलली की 'मेटल आहे साहेब, जपानी माल, पंच्याहत्तरची' आणि चारशे रुपये! अहो मेटल, म्हणजे धातूच्या भुकटीचा थर असलेली भारी टेप, बाजारातच १९७९ ला आली, पंच्याहत्तरची कुठून आणली यांनी?

ओळखायला लई सोपं आहे. टेप दिसते ती बाजू खाली धरायची आणि वरची कड बघायची. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून तोडायचे ते छोटे टॅब दोन्ही कोपऱ्यांना असतात, ते (किंवा तोडले असतील तर त्यांची भोकं) सगळ्यांनाच असतात. त्या टॅबला लागून आतल्या बाजूला अजून एक खाच असेल तर टाइप टू, म्हणजे आपण क्रोम म्हणतो ती, साधी आणि मेटल यांच्या मधली, आणि त्याशिवाय कडेच्या मधोमध पण खाचा असतील तर मेटल. यातलं काहीच नसेल तर साधी नॉर्मल, मग वर सोनेरी अक्षरात काय का छापलेलं असेना. (अगदी सुरवातीच्या क्रोमला ही खाच नसायची, पण तसली सहसा हाताला लागत नाही.) टीडीकेची डी, मॅक्सेलची यूआर, सोनीची एचएफ या नॉर्मल, टीडीकेची एसए आणि मॅक्सेलची एक्सएल-टू या टाइप टू, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. आणि नॉर्मल म्हणजे भंगार असं पण नाही हां, चांगल्या डेकवर (टेपरेकॉर्डरवर) भरलेली डी मस्त वाजते.

मिनिटांचं पण बघा. १२० वाली दिसली की लोक खूष होतात, जास्त गाणी बसतात म्हणून, पण तेवढ्याच डबीत जास्त टेप बसवायची तर ती पातळच करावी लागते, साठ वालीची साधारण १८ मायक्रॉन तर १२० वालीची ९ च्या आसपास, म्हणजे निम्मी. जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी रोलर चिकट झालेला असला की तिचा गुंता झालाच म्हणून समजा. मी तरी ६० किंवा ९० च घेतो.

आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट वेगळीच. खालच्या बाजूला टेपच्या मागे पातळ पट्टीवर टेप दाबून धरणारा छोटा फेल्टचा (लोकरी कापडाचा) तुकडा असतो तो बघा, वर्षानुवर्षं पत्र्याखाली पडलेल्या मालात त्याचा गोंद सुटतो, तुकडा पडतो आणि आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो. लोकांना वाटतं टेप गेली, टेप ठीक असते. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या रद्दी कॅसेटमधला तुकडा लावता येतो, चिकटवलेली असली तर डबी फोडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून दोन सारख्या कॅसेट असल्या तर मी डोळे झाकून स्क्रूवाली उचलतो.

अजून एक, बाजारात या कॅसेट येतात त्या कुणाच्या तरी घरातून येतात. बॉलपेनने 'मावशीच्या ओव्या' लिहिलेली एक मला अशीच ढिगात मिळाली, कुठल्या तरी तेलुगु घरातल्या लग्नाची गाणी भरलेली पण मिळाली. पिक्चरच्या गाण्यांची कॅसेट परत मिळेल हो, ही कुठून मिळणार? रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा वाजवून तरी बघा, आणि टॅब शाबूत असेल तर आधी तो तोडा, घरातलं कुणीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबतंच.

विकणाऱ्यांना एकच सांगणं, दुकानात एक चालू टेपरेकॉर्डर ठेवा की ओ. दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं वाजवून दाखवा, मग खरी मेटल असेल तर चारशे काय, पाचशे मागा, देतो.

– एक वाचक, सोलापूर